कमलताईंना विचारा

नवतपा, म्हणजे मे-अखेरचे ते नऊ जळते दिवस, लागला की नागपुरात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, पडदे ओढायचे, कूलरच्या टाकीत पाणी भरायचं आणि वाळ्याच्या ओल्या वासात ऊन उतरेपर्यंत पडून राहायचं. सगळं घर निजतं. मी निजत नाही. मी फोन उघडते आणि आमच्या बागवाल्यांच्या फोरमवर कमलताईंनी आज कोणाला काय उत्तर दिलं ते वाचत बसते. एकही ओळ न गाळता वाचते. आवडतं म्हणून नाही; जळते म्हणून.

यंदाही सुरुवात झालीच. नाशिककडच्या एका बाईंनी विचारलं होतं की जाईच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात, काय करू? सगळ्यांत आधी उत्तर मी दिलं. कारणं लिहिली, उपाय लिहिले, कुंडी कुठल्या दिशेला ठेवायची तेही लिहिलं. त्यांनी लिहिलं, ‘धन्यवाद मॅडम.’ मग कमलताई आल्या. ‘अवं बाई, कळ्या गळून राहिल्या म्हणून तू नोको गळू. माही जाई तं दरसाल रुसते अन् दरसाल मानते.’ बस, एवढंच. त्यात उपाय नाही, कारण नाही. आणि त्याच्याखाली बाईंनी घरातल्या भांडणापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून टाकलं, इतर दहाजणी गप्पांत सामील झाल्या, कोणी हसलं, कोणी लाल बदामांची चित्रं टाकली. माझं उत्तर त्या गर्दीच्या वर, एकटंच, शहाण्यासारखं उभं होतं.

हे दुखणं घामोळ्यासारखं आहे. हिवाळ्यात आठवतही नाही. मार्च संपला, बागा सुकायला लागल्या, फोरमवर प्रश्नांची रीघ लागली की पुन्हा अंगावर उठतं. आणि ते उठलं की मला तो पहिला उन्हाळा आठवतो, माझी लेक मुक्ता वाडीला राहायला गेली तो.

मी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोकांना सकाळ रिकामी वाटते म्हणतात. मला रिकामी वाटली ती प्रश्नांची जागा. इतकी वर्षं कोणी ना कोणी ‘मॅडम, हे असं का?’ म्हणून अडवायचं, आणि एका दिवसात ते थांबलं. घरात आमचे प्रकाशराव. त्यांना झाडांमधलं फक्त कढीपत्त्याचं झाड कळतं, तेही फोडणीपुरतं. मुलगी मुक्ता, तिला मी काही समजावायला लागले की ती हळूच मोबाईल उचलायची. अशात हा फोरम सापडला. महाराष्ट्रभरची माणसं तिथं आपल्या कुंड्यांचे फोटो टाकून प्रश्न विचारतात आणि ज्याला येतं तो उत्तर देतो. खरं नाव द्यायची सक्ती नाही. मी नाव घेतलं ‘हरितद्रव्य’; मुक्ताला ते ठाऊक नव्हतं. महिन्याभरात लोक म्हणायला लागले, ‘हरितद्रव्य मॅडमना विचारा.’ ते वाक्य पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी संध्याकाळी आमरस केला होता. कारण कोणाला सांगितलं नाही.

फोरमच्या माथ्यावर चालकांनी नियम लावून ठेवले आहेत: सौजन्य पाळा, वैयक्तिक बोलू नका, दुसऱ्याचं खोडताना भाषा जपा. मी ते सगळे पाळायचे. कधी कोणाला अद्वातद्वा बोलले नाही. प्रश्न नीट नसेल तर ‘फोटो द्या’ म्हणायचे, पाणी किती देता विचारायचे, चुकलं असेल तर ‘चूक’ म्हणायचे. माझ्या मते मोजकं लिहिणं हाही एक आदरच असतो. समोरच्याचा वेळ आपण खात नाही, त्याला लहान मूल समजून गोंजारत नाही. अजूनही मला हे मत सोडवत नाही. पण वर्गात मी ‘चूक’ म्हणायचे तेव्हा माझ्या डोळ्यांत हसू असायचं, आणि पुढच्या बाकावरच्यांना ते दिसायचं. पडद्यावर डोळे जात नाहीत. तिथं नुसतं ‘चूक’ उरतं.

मुक्ता एकदा म्हणाली होती, “आई, तू मेसेजमध्ये ‘ठीक आहे’ लिहून पुढे पूर्णविराम देते ना, तो थापड मारल्यासारखा लागतो.”

“वाक्य संपलं की पूर्णविराम येतो,” मी म्हणाले.

“हो. तुझं वाक्य नेहमीच संपलेलं असते,” ती म्हणाली आणि हसत आत निघून गेली. मीही हसले. घरात अशी बोलणी चालतातच.

कमलताई आल्या त्या वर्षी मार्चमध्ये. पहिलाच मजकूर: ‘सर्वायले जयभीम अन् रामराम, ज्याले जे चालते ते घ्या. मी कमल, कळमेश्वरची. रंगाच्या रिकाम्या डब्यांत झाडं लावते. शिकलेली कमी हाये, बोलणारी जास्त.’ मी वाचलं आणि मनात म्हटलं, येतील आणि जातील. पण त्या राहिल्या. त्या कोणाला कुंडीचं माप विचारत नसत. ‘काहून घाबरता भाऊ,’ म्हणत. ‘तुमचं लिंबू मेलं नाही, झोपलं हाये,’ म्हणत. पुण्या-मुंबईची माणसंसुद्धा आपलं शुद्ध मराठी बाजूला ठेवून त्यांच्याशी ‘हाये’, ‘नोको’ करायला लागली. दोन आठवड्यांत त्या सगळ्यांच्या ताई झाल्या. मी मॅडमच राहिले. ‘कमलताईंना विचारा’ हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला अगदी शरीरात, बरगडीखाली, काहीतरी टोचलं. साठी ओलांडलेल्या बाईला एका न पाहिलेल्या बाईचा असा मत्सर वाटावा, याचं मलाच नवल वाटलं. पण नवल वाटलं म्हणून तो कमी झाला नाही.

मी त्यांच्या चुका शोधायला लागले. सापडायच्याही. त्यांच्या उत्तरांत माया भरपूर आणि माहिती कधी बरोबर, कधी ऐकीव. मी खाली नम्रपणे दुरुस्ती लिहायचे. त्यावर कमलताई लिहायच्या, ‘पाहा, आमच्या मॅडमनं बरोबर सांगितलं. मॅडम सांगतात तसंच करा बापा.’ इतक्या मोकळेपणानं, की जिंकूनही मीच हरल्यासारखी दिसायचे.

एकदा दुपारी मी त्यांच्यासारखं लिहून पाहिलं. अकोल्याच्या कोणाची तरी मिरची वाकली होती. मी लिहिलं, ‘अरे भाऊ, घाबरू नका बरं, तुमच्या मिरचीला उन्हाचा राग आला आहे.’ पाठवण्याआधी प्रकाशरावांना वाचून दाखवलं. ते आरामखुर्चीत उघड्या अंगानं कूलरसमोर बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला.

“हे कोणाचं वं?”

“माझं.”

“तुह्या अंगात कोण शिरलं?” ते म्हणाले. “मिरचीले राग आला म्हणे. मिटव ते.”

मी मिटवलं. दुसऱ्याचं झंपर घालून लग्नाला गेल्यासारखं झालं होतं. दंडाला घट्ट, गळ्याला सैल. सूर काही उसना घेता येत नाही. ज्ञान घेता येतं, सूर नाही, आणि लोकांना सूरच लागतो, हे त्या दुपारी मला कळलं आणि मी कमलताईंवर आणखी चिडले.

मुक्ता याच सुमारास वाडीला राहायला गेली. तिथल्या एका वाहतूक कंपनीच्या गोदामात तिला हिशेबाचं काम मिळालं होतं. आमच्या घरापासून वाडी म्हणजे गावातल्या गावातच, पण सकाळी लवकर पोचायचं, परतताना अमरावती रोडवर ट्रकांची रांग, वर ऊन. तिनं मैत्रिणीबरोबर खोली घेतली. मी अडवलं नाही. जाताना माझ्या मोगऱ्याचं एक कलम दिलं. कुंडी म्हणून मोडक्या दांड्याचा जुना अल्युमिनियमचा कुकर दिला. खाली भोकं मीच पाडली होती. काय करायचं, काय नाही, सगळं सांगितलं. मग रोज संध्याकाळी फोन करायचे. “मोगरा कसा आहे?” म्हणून विचारायचे. “मस्त आहे,” ती म्हणायची. “तू?” मी विचारायचे. “मीही मस्त.” आमचं बोलणं तिथं संपायचं.

नवतप्यातलीच एक दुपार होती. गल्लीत शुकशुकाट, कूलरची घरघर, प्रकाशराव निजलेले. फोरमवर ‘वाडीवाली’ नावाच्या नव्या सभासदाचा प्रश्न आला होता. आधी फोटो होता. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या गच्चीवर मोडक्या दांड्याचा कुकर, आणि त्यात माना टाकलेला मोगरा.

त्याखालचं मी किती वेळा वाचलं असेल, सांगता येत नाही. ‘कमलताई, प्लीज तुम्हीच सांगा. माझा मोगरा मरून राहिला. आईनं दिलेला आहे. तिला झाडांचं सगळं येते, पण तिला सांगायची हिंमत नाही. ती फोनवर पहिले मोगऱ्याचं विचारते, मग माझं. मी रोज खोटं सांगते. हरितद्रव्य मॅडमनी कृपया राग मानू नये, पण त्यांची उत्तरं वाचली की मला आईच आठवते, म्हणून तुम्हाला विचारते.’

मी फोन पालथा ठेवला. उठून माठातलं पाणी प्यायले. परत येऊन फोन सरळ केला. वाक्यं तीच होती.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला आला तो मत्सर, निव्वळ आणि कडक. आतापर्यंत कमलताईंनी माझे अनोळखी लोक नेले होते, ते मी कसंबसं सोसलं. आता ही माझ्या घरात शिरली होती. माझी मुलगी जे मला सांगत नव्हती ते ती एका रंगाच्या डबेवालीला सांगत होती, आणि तेही चारचौघांत, नाव लपवून, लाडात.

थोड्याच वेळात कमलताईंचं उत्तर आलं. ‘रडू नोको लेकरा. तहान लागली त्याले. नवतपा हाये, आपल्याले नाही का लागत? सकाळी अन् संध्याकाळी पोटभर पाणी पाज, वरून थोडं ताक दे. कसं उठून बसते पाय.’

मी फोटो मोठा करून पाहिला. कुकरातली माती काळी ओली होती, तिच्यावर हिरवट थर धरला होता. खालची पानं पिवळी पडली होती. झाड तहानलेलं नव्हतं, बुडत होतं. पान कोमेजलं की सगळ्यांना वाटतं पाणी कमी पडलं, पण मुळं कुजली तरी पान तसंच कोमेजतं. आणखी पाणी दिलं असतं तर आठवडाभरात संपलं असतं.

मी लिहायला घेतलं. ‘चूक. मुळं कुजली आहेत.’ अंगठा पाठवायच्या खुणेवर होता. हे गेलं असतं तर कमलताई सगळ्यांसमोर तोंडघशी पडल्या असत्या, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते हवं होतं. पण पलीकडे वाचणारी कोण होती ते मला माहीत होतं. तिला पुन्हा आई आठवली असती. तिनं फोन बाजूला ठेवला असता आणि कमलताईंच्याच प्रेमळ शब्दांवर भरवसा ठेवून मोगऱ्याला पोटभर पाणी पाजलं असतं.

मी लिहिलेलं पुसलं आणि कमलताईंना खासगीत निरोप धाडला. आमचं तोवर खासगी असं कधीच बोलणं झालं नव्हतं. पाणी पूर्ण बंद करायला सांगा, कुकर तापलेल्या स्लॅबवरून उचलून सावलीत विटांवर ठेवायला सांगा, माती बदलून कुजलेली मुळं छाटावी लागतील, असं सगळं लिहिलं.

‘अगं बाई, माही तं मोठीच चुकी झाली,’ लगेच उत्तर आलं. ‘पण मॅडम, तुम्हीच काहून नाही लिहीत? बरोबर तं तुमचं हाये.’

मी वळून पाहिलं; प्रकाशराव निजलेलेच होते. मग लिहिलं, ‘ती माझी मुलगी आहे.’

पलीकडे लिहिणं सुरू व्हायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. आलं तेव्हा एवढंच आलं: ‘समजलं. मी सांगते तिले. तुमचं नाव निघणार नाही.’

आणि खरोखरच त्यांनी फोरमवर लिहिलं, ‘थांब लेकरा, पाणी नोको देऊ. मी चुकीचं सांगितलं, माफ कर.’ पुढे माझं म्हणणं होतं. एकेक गोष्ट बरोबर, पण त्यांच्या तोंडची. माझं ‘मुळं छाटा’ तिथं ‘सडलेलं काढून टाक, जिवंत हाये ते सोड’ असं झालं होतं. माझंच ज्ञान होतं, आणि ते इतकं देखणं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी दोन ओळी होत्या, ज्या मी सांगितल्या नव्हत्या. ‘अन् हे छाटायचं काम तुह्याच्यानं होणार नाही. ज्या आईनं रोप दिलं तिच्याकडे घेऊन जाय. रागावली तं माह्यावर नाव टाक.’

रविवारी संध्याकाळी फाटकात स्कूटर थांबली. मुक्ता दुपट्ट्यानं तोंड बांधून होती, आणि पायाशी कुकर.

“आई,” दुपट्टा न सोडताच ती म्हणाली, “मोगरा खूप बिमार आहे. मी तुला खोटं सांगत होते.”

“आत ये,” मी म्हणाले. “तू जेवलीस का?”

तेव्हा कुठं तिनं दुपट्टा सोडला. मग आम्ही मागच्या अंगणात बसलो. मी कुकर उपडा केला, मुळं धुतली, काळी पडलेली कात्रीनं काढली. ती बादलीतून पाणी घालत होती आणि सांगत होती. गोदामातल्या उकाड्याचं, मैत्रिणीच्या घोरण्याचं, एकटं जेवायचा कंटाळा येतो त्याचं. इतकं ती माझ्याशी किती दिवसांत बोलली नव्हती. मध्येच तिनं फोन काढून मला कमलताईंचं उत्तर वाचून दाखवलं, अगदी त्यांच्या हेलात.

“पाय ना आई, किती छान बोलते ही बाई. चुकलं तर सरळ माफ कर म्हणते.”

“छान आहे,” मी म्हणाले. हातात माती होती म्हणून बरं. मुलगी परत आली होती, आणि तिला पाठवलं होतं दुसरीनं. यात आनंद किती आणि जळणं किती, मला त्या दिवशी वेगळं करता आलं नाही. आजही येत नाही. मुक्ताला यातलं मी काही सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

मोगरा जगला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुक्तानं हट्ट धरला की कमलताईंना भेटायला तासाभरावरच्या कळमेश्वरला जायचं. पत्ता तिनं मागून घेतला होता. “तूही चल, तुझं जमेल त्यांच्याशी,” म्हणाली. मी हजार सबबी सांगितल्या. प्रकाशराव म्हणाले, “जाय ना वं. बाई काही चावत नाही.”

एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत त्यांचं घर होतं. नवरा कंपनीत कामाला, त्या दिवशी पाळीवर. दारापासून टिनाच्या छपरापर्यंत रंगाचे डबे, आणि त्यांतून गुलाब, पुदिना, शेवंती, काय काय. कमलताई बारीक, उंच, माझ्यापेक्षा वयानं लहान. मुक्ताला पाहिल्याबरोबर त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. “हे हाये का माही वाडीवाली? किती वाळली वं!” मुक्ता त्यांना मावशी म्हणायला लागली. मला त्यांनी नमस्कार केला. “या ताई,” म्हणाल्या, जणू आज पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होत्या. डोळ्यांची पापणीही हलली नाही.

दुपारभर मी प्लास्टिकच्या खुर्चीत पन्ह्याचा ग्लास धरून बसले; कूलरच्या घरघरीत बोलणं कळत नव्हतं, पण माझी मुलगी दुसऱ्या बाईच्या मांडीला मांडी लावून कशी हसते ते पाहिलं. माझ्याशी ती अशी हसत नाही. मी बहुतेक तसं काही बोलतच नाही.

निघताना मुक्ता गाडी काढायला बाहेर गेली. कमलताई माझ्यासाठी पुदिन्याची मुळी उपटत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, “ताई, एक बोलू का? मले तुमचा लय हेवा वाटते.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “माझा?”

“माही दोन पोरं हायेत. एक सुरतेले, एक हैदराबादले. फोन केला तं ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवतो’. मले कोणी काही विचारत नाही, की मले काही सांगायले भेत नाही. म्हणून तं दिवसभर साऱ्या जगाच्या लेकरांशी बोलत बसते.” त्यांनी मुळीची माती झटकली. “तुमची पोरगी इथं बसून सारा वेळ तुमच्याच गोष्टी सांगत होती. आई असं म्हणते, आईले असं आवडत नाही. भ्यायलेही कोणी आपलं लागते हो.”

मी त्यांच्या हातून पुदिना घेतला आणि त्यांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. त्यांनीही तो काढून घेतला नाही.

परतताना ऊन उतरलं होतं, पण वारा अजून तव्यावरून आल्यासारखा होता. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा मागे पडत होत्या. मुक्ता गाडी चालवत होती आणि दुपट्ट्याच्या आतून मोठ्यानं बोलत होती. मावशी असं म्हणाली, मावशीनं तसं केलं, मावशीचा आवाजच किती गोड आहे ना आई, तिच्याजवळ बसलं की बरं वाटते. एकेक वाक्य माझ्या बरगडीखाली जाऊन बसत होतं. हेवा गेला नव्हता. कमलताईंनी माझा हेवा केला म्हणून माझा संपेल, असं काही झालं नव्हतं. पण ट्रकांच्या आवाजात तिचं बोलणं निसटायला लागलं तेव्हा मी पुढे सरकले आणि माझा कान तिच्या खांद्याशी नेला.

“आई, ऐकून राहिली ना?”

“ऐकून राहिले,” मी म्हणाले. “अजून सांग.”